स्वतःच्या कर्नलमधील प्रिंटएफ: एका संख्येवर कचरा छापला जातो आणि इंटरप्टमधून छापल्यास यंत्र गोठते

प्रश्न – लघुकर्नल

शिकण्याच्या हेतूने मी एक्स८६-६४ या प्रकारच्या प्रोसेसरसाठी एक छोटे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहीत आहे. कर्नलला सी भाषेची प्रमाण लायब्ररी जोडता येत नसल्यामुळे छपाईचे फंक्शन मी स्वतःच लिहिले आणि त्याला केप्रिंटएफ हे नाव दिले. फॉरमॅट स्ट्रिंग एकेक अक्षर पुढे सरकत वाचायची, टक्क्याचे चिन्ह लागले की त्यापुढचे अक्षर पाहून पुढील आर्ग्युमेंट उचलायचे आणि तयार झालेले अक्षर लगेच सीरियल पोर्टवर लिहायचे, एवढेच ते करते. %डी (दशमान संख्या), %एक्स (षोडशमान संख्या), %एस (स्ट्रिंग) आणि %पी (पॉइंटर, म्हणजे स्मृतीतला पत्ता) हे चारच प्रकार मी हाताळले आहेत.

रोजच्या कामाला ते पुरले, पण दोन ठिकाणी अडलो आहे. पहिली अडचण अशी की बत्तीस बिटांची सर्वांत लहान ऋण संख्या, म्हणजे −२१४७४८३६४८, छापायला दिली तर पुढील ओळ उमटते:

-./,),(-*,(

बाकी सर्व ऋण संख्या बरोबर येतात. संख्या ऋण असेल तर मी आधी उणे चिन्ह पाठवतो, मग संख्येचे चिन्ह उलटवतो आणि ती शून्य होईपर्यंत दहाने भागत, प्रत्येक बाकी ‘०’ या अक्षराच्या कोडमध्ये मिळवत जातो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. प्रोसेसरच्या दोन कोरवरचे संदेश एकमेकांत मिसळू लागले म्हणून मी फंक्शनच्या सुरुवातीला एक स्पिनलॉक (सुटेपर्यंत इतरांना फिरत वाट पाहायला लावणारे कुलूप) घेतो आणि शेवटी तो सोडतो. मिसळणे थांबले, मात्र टायमर इंटरप्टच्या हँडलरमधून (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या फंक्शनमधून) सेकंदाला एक ओळ छापू लागल्यापासून यंत्र मध्येच गोठते. एम्युलेटरवर तासन्‌तास काही होत नाही, खऱ्या यंत्रावर मिनिटभरात हे घडते. त्यामुळे दोष माझ्या कोडमध्ये आहे की सीरियल पोर्टच्या जोडणीत, हेच मला ठरवता येईना.

जाता जाता एक शंका: लिनक्स कर्नलच्या प्रिंटके या छपाईच्या फंक्शनमध्ये अपूर्णांकासाठीचे %एफ का नाही? अपूर्णांक छापणे इतके अवघड आहे का?

उत्तर – स्टॅकफ्रेम

पहिल्या अडचणीचे उत्तर तुम्ही दिलेल्या कचऱ्यातच लिहिलेले आहे. उणे चिन्हानंतरचे पहिले अक्षर पूर्णविराम आहे. आस्की तक्त्यात ‘०’ चा कोड ४८ आणि पूर्णविरामाचा ४६, म्हणजे तेथे बाकी उणे दोन आली. त्यापुढची तिरकी रेघ ४७, म्हणजे उणे एक. स्वल्पविराम ४४, म्हणजे उणे चार. बंद होणारा कंस ४१, म्हणजे उणे सात. दोन, एक, चार, सात: आकडे अचूकच निघाले आहेत, फक्त प्रत्येक आकडा ‘०’ च्या वरच्या बाजूला मोजण्याऐवजी खालच्या बाजूला मोजला गेला आहे.

कारण असे की −२१४७४८३६४८ चे चिन्ह उलटवून जी संख्या मिळायला हवी, तिला बत्तीस बिटांच्या चिन्हांकित (ऋण संख्याही धरणाऱ्या) प्रकारात जागाच नाही. तो प्रकार २१४७४८३६४७ वर संपतो. तुमच्या कंपायलरने उलटवलेली संख्या पुन्हा तीच ऋण संख्या म्हणून दिली आणि ऋण संख्येला दहाने भागल्यावर सी भाषेत बाकीही ऋणच येते. पण हे असेच घडेल याचा भरवसा धरू नये, कारण चिन्हांकित प्रकार ओलांडला गेल्यावर काय व्हावे हे भाषेचे मानक सांगत नाही आणि कंपायलरची पुढची आवृत्ती याच कोडमधून वेगळाच कचरा काढू शकते. संख्या आधी चिन्हविरहित (ऋण संख्या नसलेल्या) प्रकारात बदलावी, मग शून्यातून वजा करावी आणि पुढचे सर्व भागाकार त्याच प्रकारात करावेत. शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सव्ही६ या कर्नलमध्येही भागाकार चिन्हविरहित प्रकारातच होतात.

आकडे एककापासून निघतात आणि छापायचे उलट क्रमाने असतात, म्हणून मध्ये कोठेतरी ते साठवावे लागतात. तुमचा साठवणीचा ॲरे किती लांब आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. चौसष्ट बिटांच्या संख्येला दशमान पद्धतीत २० आकडे लागतात, पण उद्या अष्टमान पद्धत जोडलीत तर २२ लागतील आणि द्विमान जोडलीत तर ६४. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये हा ॲरेच नव्हता: आकडा छापणारे फंक्शन भागाकार उरला असेल तर आधी स्वतःलाच हाक मारीत असे आणि परत आल्यावर आपला आकडा छापत असे, त्यामुळे क्रम आपोआप सुलटा होई. लिनक्सचा आजचा कोड दुसऱ्या टोकाला आहे. तो एका वेळी दोन आकडे काढतो, ‘००’ ते ‘९९’ या जोड्यांचा दोनशे बाइटांचा तक्ता बाळगतो आणि भागाकाराऐवजी व्यस्त संख्येने गुणाकार करून बिटे सरकवतो. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचा वेळ भागाकारात जात नसून सीरियल पोर्टची वाट पाहण्यात जात आहे.

त्याच जुन्या युनिक्समध्ये आर्ग्युमेंट उचलण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. फंक्शनला एकामागून एक बारा नावे दिलेली होती आणि पहिल्या नावाचा पत्ता घेऊन कोड स्टॅकवर (फंक्शनांची तात्पुरती मूल्ये ठेवण्याच्या स्मृतीत) पुढे पुढे चालत जाई. एक्स८६-६४ वर हे जमत नाही, कारण पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंटे रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या जागांतून) येतात आणि त्यापुढची स्टॅकवरून. फॉरमॅट स्ट्रिंग स्वतःच पहिले रजिस्टर व्यापते, म्हणून %डी पाच वेळा लिहिले तोवर सर्व मूल्ये रजिस्टरांतली असतात आणि सहावे स्टॅकवरचे. सी भाषेतला, पुढील आर्ग्युमेंट उचलून देणारा व्हीए-आर्ग हा मॅक्रो ही सीमा लपवतो. कोणत्या प्रकाराचे मूल्य उचलायचे हे मात्र त्याला फॉरमॅट स्ट्रिंगवरूनच कळते. फॉरमॅट खोटे बोलला तर मॅक्रोही खोटेच उचलणार. म्हणून कंपायलरला हे फंक्शन प्रिंटएफच्या धर्तीचे आहे असे ॲट्रिब्यूट लावून सांगावे, म्हणजे चुकीची जुळणी कंपाइल करतानाच कळते.

आता %एफ. अपूर्णांकाचे आकडे काढणे किचकट आहे हे खरे, पण खरे कारण ते नव्हे. फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे अपूर्णांकांच्या, रजिस्टरांत त्या क्षणी कोणत्या तरी वापरकर्ता प्रोसेसची मूल्ये असतात. कर्नलमध्ये शिरताना ती जतन केली जात नाहीत, कारण प्रत्येक सिस्टिम कॉलला तेवढा खर्च परवडत नाही. म्हणून कर्नल त्या रजिस्टरांना हातच न लावता कंपाइल केले जाते, आणि प्रिंटकेला %एफ दिलेत तर ते असमर्थित असल्याचा इशारा तेवढा मिळतो. तुम्हीही एसएसई (फ्लोटिंग पॉइंटच्या रजिस्टरांवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) बंद करूनच कंपाइल करा. मी ते विसरलो होतो, तेव्हा असेंब्लीतून छपाईच्या फंक्शनला हाक मारली की कधीकधी अपवाद (प्रोसेसरने काम अडवून कळवलेली चूक) येई. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. कितीही आर्ग्युमेंटे घेऊ शकणारे फंक्शन सुरुवातीलाच एएल रजिस्टर पाहते आणि ते शून्य नसेल तर फ्लोटिंग पॉइंटची आठ रजिस्टरे स्टॅकवर उतरवते. माझा असेंब्ली कोड एएल शून्य करीत नव्हता.

उत्तर – रिंगबफर

यंत्र का गोठते, एवढ्यापुरते लिहितो. मुख्य प्रवाह केप्रिंटएफमध्ये लॉक धरून अक्षरे पाठवत असताना त्याच कोरवर टायमरचा इंटरप्ट येतो. हँडलर केप्रिंटएफला हाक मारतो आणि लॉक सुटण्याची वाट पाहत फिरत बसतो. लॉक सोडणारा मुख्य प्रवाह हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय संपू शकत नाही. सीरियल पोर्टच्या जोडणीत दोष नाही.

एम्युलेटरवर हे क्वचित का घडते, तेही यातूनच उलगडते. ११५२०० बॉडवर (सेकंदाला तितकी बिटे) एका अक्षराला सुरुवातीचे आणि शेवटचे बिट धरून दहा बिटे लागतात, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरे. ऐंशी अक्षरांच्या ओळीला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ लॉक धरलेला राहतो. एम्युलेटर बहुधा तारेच्या वेगाची वाट न पाहता अक्षर लगेच उचलतो, त्यामुळे लॉक धरण्याचा काळ इतका आखूड होतो की इंटरप्ट नेमका त्यात सापडत नाही. चूक दोन्हीकडे तीच आहे. खऱ्या यंत्रावर ती उघडी पडते एवढेच.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लॉक घेण्यापूर्वी त्या कोरचे इंटरप्ट बंद करणे. त्याने गोठणे थांबेल, पण एका ओळीपायी ७ मिलिसेकंद इंटरप्ट बंद राहतील. तुमचा टायमर सेकंदाला हजार वेळा येत असेल तर त्या अवधीतले सात ठोके वेगवेगळे मिळणार नाहीत, शेवटी एकच हाती येईल आणि कर्नलचे घड्याळ मागे पडत जाईल. सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये हीच किंमत उघडपणे मोजलेली होती. त्या फंक्शनवरच्या टिपणीत बजावले आहे की छपाई चालू असताना यंत्राचे इतर सर्व काम जवळपास थांबते, म्हणून गप्पागोष्टींसाठी ते वापरू नये. मला ती टिपणी फार आवडते, पण आजच्या कर्नलला गप्पा मारल्याशिवाय राहवत नाही.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे एका कामाची दोन कामे करणे. केप्रिंटएफने मजकूर तयार करून स्मृतीतल्या रिंग बफरमध्ये (शेवट गाठला की पुन्हा सुरुवातीपासून भरल्या जाणाऱ्या ॲरेमध्ये) टाकावा आणि परत फिरावे. तेथून तो सीरियल पोर्टवर नेण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी, सवडीने, इंटरप्ट चालू ठेवून करावे. बफरमध्ये ऐंशी बाइट लिहायला मायक्रोसेकंदही लागत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवणे खुपत नाही.

लिनक्समध्ये प्रिंटके हेच करते आणि कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा त्याच बफरमधून वाचते. पण ‘दुसरे कोणीतरी’ म्हणजे कोण, या प्रश्नाने त्या मंडळींना बरीच वर्षे छळले. फार काळ रीत अशी होती की ज्याला कन्सोलचा लॉक मिळेल त्याने बफरमध्ये साठलेले सर्वांचे संदेश छापायचे. मग एखादा गरीब कोर स्वतःचा एक संदेश टाकायला आला आणि इतर कोर सतत ओतत राहिले, तर तो तेथेच अडकून पडे. पुढे कर्नलचे विकासक स्टीव्हन रॉस्टेट यांनी वाट पाहणाऱ्या कोरने मधूनच ते काम हाती घ्यावे अशी सोय केली. जॉन ओग्नेस यांचा लॉकविना चालणारा रिंग बफर २०२० च्या ५.१० आवृत्तीत आला. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत रिअल-टाइमचा (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद मिळावा यासाठीचा) कोड मुख्य लिनक्समध्ये सामावला गेला, त्याआधी शेवटपर्यंत अडून राहिलेला भाग छपाईचाच होता.

लॉकविना बफर कशासाठी, असे वाटेल. इंटरप्ट बंद करून सर्व इंटरप्ट बंद होत नाहीत. एनएमआय नावाचा इंटरप्ट अडवता येत नाही, आणि यंत्र बिघडल्याचे सांगायला बहुधा तोच येतो. त्याच्या हँडलरला छापता आले पाहिजे, आणि लॉक कोणीही धरलेला असू शकतो.

उत्तर – बिगएंडियन

रिंगबफर यांच्या उत्तराला एक पुरवणी. लॉक सोडताना इंटरप्ट सरसकट चालू करू नका; आधी ते ज्या स्थितीत होते, त्या स्थितीत परत आणा. अन्यथा ज्या कोडने स्वतः इंटरप्ट बंद केले आहेत आणि मध्येच एक ओळ छापली आहे, त्याचे संरक्षण केप्रिंटएफमधून बाहेर पडताना नाहीसे होईल. छपाईची ओळ काढली की दोष जातो आणि घातली की येतो, अशा प्रकारच्या चुकांचे हे एक मूळ आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – लघुकर्नल

सर्वांचे आभार. चिन्हविरहित प्रकार वापरल्यावर संख्या नीट आली आणि इंटरप्टची आधीची स्थिती जपून लॉक घेतल्यावर दोन दिवस यंत्र गोठलेले नाही. आता रिंग बफर लिहायला घेतला आहे आणि तेथे नवा प्रश्न उभा राहिला. मजकूर किती लांब होईल हे तो तयार झाल्याशिवाय कळत नाही, आणि लांबी कळल्याशिवाय बफरमध्ये जागा राखता येत नाही. आधी स्टॅकवर एक मोठा ॲरे घेऊन त्यात मजकूर करावा आणि मग त्याची नक्कल करावी, हे योग्य होईल का?

शिवाय लिनक्सवर प्रयोग करताना एका पॉइंटरचा %पी ने छापलेला पत्ता मला कर्नलच्या पत्त्यांसारखा मुळीच दिसला नाही. वरची बत्तीस बिटे चक्क शून्य होती. माझेच काही चुकले का?

उत्तर – रिंगबफर

पहिल्या लिनक्समध्ये प्रिंटके १०२४ अक्षरांच्या एका कायमस्वरूपी ॲरेमध्ये मजकूर करीत असे. ॲरे स्टॅकवर घेतलात तर तो एकमेकांत मिसळण्याची भीती जाते, पण कर्नलचा स्टॅक छोटा असतो. एक्स८६-६४ वर लिनक्स प्रत्येक थ्रेडला १६ किलोबाइट देते, आणि छपाई बहुधा आधीच खोल गेलेल्या हाकांच्या तळाशी होते. तुमचा स्टॅक ४ किलोबाइटचा असेल तर त्यात एक किलोबाइटचा ॲरे घेणे धोक्याचे आहे.

आजचे लिनक्स मजकूर दोनदा तयार करते. पहिल्या खेपेस, मजकूर ॲरेमध्ये तयार करणाऱ्या व्हीएसएनप्रिंटएफला अवघ्या आठ बाइटांचा ॲरे दिला जातो. त्यात मजकूर मावणार नाही हे ठाऊकच असते. हवी असते ती परत मिळणारी लांबी, आणि संदेशाची पातळी सांगणारी सुरुवातीची दोन अक्षरे. मग तेवढी जागा रिंग बफरमध्ये राखून दुसऱ्या खेपेस मजकूर थेट तेथे लिहिला जातो. यासाठी आर्ग्युमेंटांच्या यादीची आधी प्रत काढून ठेवावी लागते, कारण एकदा चालून झालेल्या यादीवरून पुन्हा चालता येत नाही. दोन खेपांच्या मध्ये %एस ला दिलेली स्ट्रिंग दुसऱ्या कोरने बदलली तर? तर लांबी जुळणार नाही, म्हणून दुसऱ्या खेपेसही राखलेल्या जागेची मर्यादा पाळलीच पाहिजे.

येथे एक खड्डा आहे, आणि त्यात बरेच जण पडतात. त्याच कुळातले एसएनप्रिंटएफ ‘किती लिहिले’ हे सांगत नाही, ‘जागा पुरली असती तर किती लिहिले असते’ हे सांगते. तो आकडा धरून ॲरेमध्ये पुढे सरकलात तर मजकूर कापला गेल्यावर पुढची ओळ ॲरेच्या बाहेर लिहिली जाईल. प्रत्यक्ष लिहिलेली अक्षरे सांगणारे एससीएनप्रिंटएफ लिनक्सने वेगळे ठेवले आहे. तुम्हीही दोन्ही लिहा आणि नावांत गल्लत होऊ देऊ नका. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधले फंक्शन आणखी निराळ्या वळणाचे आहे: त्याला अक्षर कोठे टाकायचे हे सांगणारा फंक्शन पॉइंटर देता येतो, त्यामुळे तोच कोड कन्सोलसाठी, लॉगसाठी आणि ॲरेसाठी चालतो. छोट्या कर्नलला मला हीच रचना अधिक शोभते असे वाटते, कारण केवळ लांबी मोजायची असेल तर अक्षर फेकून देऊन मोजणी वाढवणारे दोन ओळींचे फंक्शन द्यायचे, की काम झाले.

उत्तर – स्टॅकफ्रेम

%पी बाबत तुमचे काही चुकलेले नाही. जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीपासून लिनक्स %पी ने खरा पत्ता छापत नाही. यंत्र सुरू होताना ठरलेल्या गुप्त किल्लीने त्याचा हॅश (मूळ पत्ता ओळखू न येणारी संख्या) काढते आणि त्याची बत्तीस बिटे तेवढी दाखवते. कर्नल स्मृतीत कोठे बसले आहे हे हल्लेखोराला कळू नये म्हणून दर सुरुवातीला त्याची जागा बदलली जाते आणि लॉगमधला एकच खरा पत्ता ती मेहनत वाया घालवू शकतो. एका चालण्यात एकाच पॉइंटरचा हॅश तोच येतो, म्हणून दोन ओळींत एकच वस्तू आहे का हे ताडून पाहता येते. खरा पत्ता पाहिजेच असेल तर %पीएक्स आहे.

पी ला जोडून अक्षर लिहिण्याची ही पद्धत लिनक्सने बरीच ताणली आहे. %पीएस लिहिले, त्यातला एस मोठा (कॅपिटल), की पत्त्याऐवजी त्या जागेच्या फंक्शनचे नाव आणि आतले अंतर मिळते; %पीआय४ ने आयपी पत्ता आणि %पीएम ने नेटवर्क कार्डाचा पत्ता मिळतो. यातली खुबी अशी की कंपायलरला केवळ %पी आणि एक पॉइंटर दिसतो, पुढचे अक्षर तो साधा मजकूर समजतो आणि त्याची तपासणी शाबूत राहते. फ्रीबीएसडीने रजिस्टरातल्या बिटांची नावे छापणारा %बी हा स्वतंत्र प्रकार काढला, तेव्हा त्यांना कंपायलरलाच तो शिकवावा लागला. लिनक्सच्या पद्धतीत तोटाही आहे: %पी नंतर जागा न सोडता कोणी शब्द लिहिला तर त्याचे पहिले अक्षर सूचना समजले जाऊ शकते.

राहता राहिला %एस. तुम्ही दिलेला पॉइंटर नल (कोठेही न दाखवणारा) असेल, तर तेथे नल असा शब्द छापून पुढे जा. कचरा पॉइंटर आल्यास पेज फॉल्ट (अवैध पत्ता वाचल्याचा अपवाद) होईल, त्याचा हँडलर कारण सांगण्यासाठी केप्रिंटएफला हाक मारेल, आणि लॉक तर आधीच्याच हाकेने धरलेला असेल. त्यामुळे यंत्र मरते, पण एक अक्षरही न सांगता. एक्सव्ही६ मध्ये पॅनिक (सावरता न येणारी चूक झाल्यावर कर्नल थांबवणे) सुरू होताच छपाईचा लॉक घेणेच बंद केले जाते. ओळी मिसळल्या तरी चालतील, पण निघाल्या पाहिजेत, असा तो हिशेब आहे. तुमच्या कर्नलमध्ये एक जागतिक चल ठेवा, पॅनिकच्या पहिल्याच ओळीत ते लावा, आणि ते लावलेले असेल तर केप्रिंटएफने लॉक आणि रिंग बफर दोन्ही वगळून, आज करता तसेच, एकेक अक्षर थेट पोर्टवर लिहावे. म्हणजे तुमचा सध्याचा कोड फेकून देऊ नका. तो तेथे लागेल.